सोमवारसाठी अर्ज

हार्टफर्डला येऊन दोन दिवस झाले होते, पण सासूबाईंनी अजून धड तोंड उघडलं नव्हतं. वेस्ट कॅनफिल्डपासून इथवर घोडागाडीत हाडं खिळखिळी झाली असतील, म्हातारं माणूस दमलं असेल, अशी जेरुशाने स्वतःची समजूत घातली होती. शिवाय काल रविवार होता. तीन वर्षांत नवऱ्याशिवाय, गिडियनशिवाय, गेलेला पहिला रविवार. तो दोघींनाही जड गेला होता, आणि त्यावर बोलून काही तो हलका होणार नव्हता.

आज विधानसभेत गिडियनचा अर्ज निघणार होता.

खाणावळवालीने न्याहारीला पुन्हा शॅड मासाच वाढला. मे महिन्यात नदी त्याने नुसती भरलेली असे, त्यामुळे गावात आलेले प्रतिनिधी, वकील, अर्जदार सगळे सकाळ-संध्याकाळ त्याचेच काटे काढत बसलेले दिसत. एलिफलेट घाईघाईने खात होता. तो गिडियनचा थोरला भाऊ आणि वेस्ट कॅनफिल्डचा विधानसभेतला प्रतिनिधी. नवा निळा कोट अंगात होता आणि तो त्याला काखेत आवळत होता.

"भाऊजी, आपला नंबर कधी लागेल?" जेरुशाने विचारलं.

"समितीपुढे आज सतरा अर्ज आहेत. आपला सहावा. समितीने अनुकूल लिहिलं की खालच्या सभागृहात मत, मग वरच्या सभागृहात. आणि हे बघ, मी त्यात काही करू शकत नाही. मतदानाच्या वेळी मला बाहेर जावं लागणार. सख्खा भाऊ पडलो."

"नाहीतरी तुम्ही आत राहून काय मोठे दिवे लावणार होता," त्याची बायको टेम्परन्स म्हणाली. ती माशात काटा उरलाच कसा, या रागाने ताटाकडे बघत होती. "भावाला जामीन राहिलात तेव्हा आतच होता ना? गेलं ना नदीकाठचं कुरण?"

"जाऊबाई, ते कुरण आम्ही विसरलेलो नाही," जेरुशा म्हणाली.

"विसरायला ते तुमचं कुठे होतं?"

सासूबाईंनी एक काटा बोटांनी काढून ताटाच्या कडेला ठेवला, आणि कुणाकडेच न बघता दुसरा शोधायला लागल्या.

गिडियनवर ही पाळी आली ती काही जुगारामुळे नाही की दारूमुळेही नाही. इंग्रजांशी लढाई चालू होती तेव्हा तो कातडी कमावून सैन्याच्या बुटांसाठी देत होता. कच्ची कातडी व्हेलपली नावाचा हार्टफर्डचा व्यापारी उधारीवर पाठवी. सरकारने गिडियनला कागदी नोटांत पैसे दिले आणि त्या नोटा त्याच्या पेटीत पडल्या पडल्याच कवडीमोल झाल्या. व्हेलपलीला मात्र नाणं हवं होतं. मग कातडी भिजवायचे हौद गेले, कोठार गेलं, आणि तरी जे उरलं त्यापोटी व्हेलपलीने गिडियनच्या अटकेचा हुकूम काढला. तुरुंगात पडलेला माणूस एक दमडी कमावू शकत नाही, हे व्हेलपलीला कळत नव्हतं असं नाही. पण कुणीतरी आत बसलेलं दिसलं की बाकीचे लवकर देतात.

गिडियन रातोरात हद्द ओलांडून न्यूयॉर्क राज्यात गेला. हद्द घरापासून सहा मैलांवर. पलीकडे एका डच माणसाकडे तो रोजावर कातडी खरवडायला लागला, जे काम त्याने स्वतःच्या नोकरांना शिकवलं होतं.

आणि इकडे कनेक्टिकट राज्याच्या कायद्यात देवाच्या दिवशी, म्हणजे रविवारी, कुणालाही कर्जासाठी धरता येत नव्हतं. शनिवारचा सूर्य मावळला की गिडियन हद्द ओलांडायचा आणि रविवारचा सूर्य टेकडीला टेकायच्या आत परत फिरायचा. गावात त्याच्यासारखे आणखी दोघे होते. लोक त्यांना रविवारचे नवरे म्हणत आणि हसत.

जेरुशाला हसू येत नसे. रविवारी प्रार्थनेला जायचं, बायबल वाचायचं आणि गार जेवण जेवायचं, बस्स. कामाला हात लावला तर दंड. फाटकाची बिजागरी तीन वर्षं लोंबत होती. गिडियन येताना-जाताना त्या बिजागरीवर हात ठेवायचा, एखाद्या आजारी जनावराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि सोडून द्यायचा. एकदा त्याने खिशातून खिळा काढलेला तिने खिडकीतून पाहिला. मग त्याने चर्चचा कारभार बघणाऱ्या शेजारच्या डीकनच्या घराकडे बघितलं आणि खिळा परत खिशात टाकला. तो तिच्या वाट्याला यायचा तो धुतलेला, काळ्या कोटातला, पाहुण्यासारखा. तिला घामेजलेला, चिडलेला, हत्यार सापडत नाही म्हणून तिच्यावरच ओरडणारा नवरा हवा होता. तिला त्याचा एक सोमवार हवा होता. एवढ्यासाठी तिने हिवाळाभर, लेक लोइस झोपल्यावर बसून, तो अर्ज लिहिला होता.

*

सभागृहाच्या इमारतीत जागा नव्हती म्हणून समिती समोरच्या दुसऱ्या एका खाणावळीच्या माडीवर बसली होती. जिन्यावर माणसांची रांग. एक पाय लाकडाचा असलेला शिपाई, दोन मुलं घेतलेली एक विधवा, एक शाळामास्तर. प्रत्येकाच्या हातात घडी घातलेला कागद, आणि प्रत्येकाचं लक्ष पुढच्याच्या कागदाच्या जाडीवर.

समितीत तिघे होते. मधल्या खुर्चीत कर्नल टॉलमन, दाढदुखीने गाल सुजलेला.

"अर्जदार गिडियन प्रिंडल कुठे आहे?"

"न्यूयॉर्कात, साहेब," जेरुशा म्हणाली. "आज सोमवार आहे. इकडे आला तर शेरीफ त्याला धरेल."

कुणीतरी मागे हसलं. कर्नल हसला नाही. "मग अर्ज कोण मांडतंय?"

"मी. त्याची बायको, जेरुशा."

चिटणिसाने अर्ज वाचला. अर्जदार कर्ज नाकारत नाही. कर्ज माफ करा असंही म्हणत नाही. पाच वर्षं त्याच्या देहाला अटक होऊ नये, म्हणजे तो काम करील आणि कमावेल त्यातून सगळ्यांचं थोडं थोडं फेडील, एवढंच त्याचं मागणं. स्वतःचीच वाक्यं परक्याच्या तोंडून ऐकताना जेरुशाला ती फार तोकडी वाटली.

व्हेलपली स्वतः आला होता. लहानखुरा, स्वच्छ, दिसायला सज्जन. बोलला त्याचा वकील.

"गेल्या हिवाळ्यात शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये काय झालं ते सन्माननीय सभासद जाणतात. कर्जदार बंदुका घेऊन कोर्टांच्या दारात उभे राहिले. इथे ते अर्ज घेऊन उभे आहेत, एवढाच काय तो फरक."

"फरक तेवढाच आहे," जेरुशा म्हणाली. आपण विचारल्याशिवाय बोलतोय हे तिला बोलून झाल्यावर कळलं. "पण तो लहान नाही, साहेब. बंदूक आमच्याही घरात आहे. ती आम्ही घरी ठेवून आलो."

समितीतल्या डावीकडच्या म्हाताऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि काहीतरी टिपून घेतलं. भिंतीशी उभ्या असलेल्या एलिफलेटच्या चेहऱ्यावरही पहिल्यांदाच जरा उजेड आला.

"सावकार एकूण अकरा," कर्नल यादीवर बोट ठेवत म्हणाला. "नऊ जणांची संमती आहे. व्हेलपली यांचा विरोध. आणि अकरावी..." त्याने कागद उजेडाकडे धरला. "विधवा मेहिटेबल प्रिंडल. चाळीस पौंड उसने दिलेले. इथे सही दिसत नाही."

"चुकून राहिली असेल साहेब," एलिफलेट पुढे झाला. "ती आमची आई. ही काय, इथेच आहे."

जेरुशालाही तसंच वाटलं. महिन्यापूर्वी तिने कागद सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला होता, दौत ठेवली होती आणि दूध काढायला गेली होती. परत आली तेव्हा कागदाची घडी घातलेली होती. ती उलगडून बघायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"बाई," कर्नल आवाज चढवून म्हणाला, म्हातारी माणसं बहिरी असतात अशा समजुतीने. "तुमच्या मुलाच्या अर्जाला तुमची संमती आहे ना?"

सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

"नाही," त्या म्हणाल्या.

मग वकील हलक्या आवाजात, जवळजवळ हळहळून म्हणाला, "ज्याच्यावर त्याच्या जन्मदात्या आईचा विश्वास नाही, त्याच्यावर माझ्या अशिलाने का ठेवावा?"

कर्नलने गाल दाबून धरला. "जेवणानंतर दोन वाजता पुढे चालू," तो म्हणाला. "तोवर घरचं घरी काय ते बघा."

*

खाणावळीतल्या त्यांच्या खोलीचं दार लागायच्या आतच एलिफलेट बरसायला लागला.

"आई, तू काय केलंस हे? सगळ्यांच्या देखत? मी उद्या कुठल्या तोंडानं त्या बाकावर बसू? दोन दिवस गाडीत घालून आणलं तुला, काळे कपडे घातलेली आई बघून त्यांचं मन द्रवेल म्हणून, आणि तू..."

"म्हणजे मला दाखवायला आणलं होतंस," सासूबाई म्हणाल्या.

"बरोबरच केलं त्यांनी," टेम्परन्स पलंगावर बसत म्हणाली. "आपलं होतं नव्हतं ते आपण राखलं नाही, त्यांनी राखलं. चाळीस पौंड काही झाडाला लागत नाहीत."

"तू गप गं! आई, मी विचारतोय. तुझ्या पोटच्या पोराला तुरुंगात बघायचंय का तुला? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"भाऊजी, आवाज खाली," जेरुशा म्हणाली.

"अगं, मी तुझ्या बाजूनं बोलतोय!"

"कळतंय मला. पण असं नाही बोलायचं त्यांच्याशी. तुम्ही जरा बाहेर जा."

एलिफलेटने टोपी उचलली आणि दार आपटून गेला. टेम्परन्स जागची हलली नाही. तिला जायला कुणी सांगितलंही नव्हतं.

जेरुशा सासूबाईंसमोर जमिनीवर बसली. राग तिलाही आला होता. पण तीन वर्षं या बाईबरोबर एका छपराखाली काढली होती. दोघींनी मिळून लाकडं फोडली होती, गाय विकली होती, शनिवारी संध्याकाळी एकाच खिडकीतून एकच रस्ता बघितला होता.

"पैशासाठी नाही ना, आई?"

"पैसे कसले. मेल्यावर काय उशाला घेऊ?"

"मग?"

खालून कुणीतरी पिंपं गडगडवत नेत होतं, त्याचा आवाज सासूबाईंनी संपू दिला.

"रविवारी दुपारी तो माझ्या खुर्चीपाशी बसतो," त्या म्हणाल्या. "तू भांडी आवरत असतेस तेव्हा. मी डोळे मिटून असते, त्याला वाटतं झोपले. मग तो बोलतो. लहान होता तेव्हासुद्धा एवढा बोलला नाही तो माझ्याशी. बारा हौद होते ना त्याचे, तेव्हा दारातून डोकं आत घालून विचारायचा, आई बरी आहेस ना, आणि मी हो म्हणायच्या आत गेलेला असायचा. आता अख्खी दुपार बसतो. मला ठाऊक आहे, बोलायला दुसरं कुणी नाही म्हणून बसतो. का बसेना."

"सुटला तर रोज बसेल की, आई."

"सुटला तर जाईल." सासूबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "उत्तरेला, व्हरमाँटला. ओनियन नदीच्या काठी जागा बघून ठेवलीय त्याने. कातडी कमवायला लागते त्या झाडांच्या सालीला म्हणे तोटा नाही तिथे, हवे तेवढे हौद घाला. डच माणसाचा भाऊ तिथेच असतो. पळून गेलेला माणूस म्हणून जायचं नाही, मोकळा होऊन जायचं, म्हणून थांबलाय. अर्ज मंजूर झाला की पानगळीच्या आत निघायचं म्हणतो. तू, लोइस आणि तो."

घर, फाटक, ती बिजागरी, सगळं जेरुशाच्या डोळ्यांपुढे आलं आणि बाजूला झालं. "मला नाही बोलले कधी."

"तुला कसं सांगेल? तू लगेच हो म्हणशील. आणि मग आईचं काय, हे त्याला स्वतःला ठरवावं लागेल. ते त्याच्याच्यानं होत नाही."

ते खरं होतं. जेरुशाला लाज वाटली ती याचीच, की ऐकता ऐकताच तिच्या मनाने हो म्हणून टाकलं होतं. नवी नदी. कुणी ओळखत नाही असं गाव, जिथे रविवारचा नवरा म्हणून कुणी हसणार नाही. तिने क्षणभर ते सगळं पाहिलं, चुलीच्या धुरासकट. इतकं स्पष्ट की डोळे भरून आले.

"म्हणजे आम्ही कुणीच नाही का, सासूबाई?" टेम्परन्स एकदम म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "एलिफलेट तुमचा मुलगा नाही? आमचं घर कोसावर आहे. तुम्हाला कधी कमी केलं आम्ही?"

"नाही गं. कमी नाही केलंत." सासूबाई म्हणाल्या. "पण एलिफलेट माझ्याकडे येतो तेव्हा टोपी काढत नाही. बसायचंच नसतं त्याला."

टेम्परन्स उठली, सासूबाईंच्या खांद्यावरची घसरलेली शाल तिने नीट केली आणि बाहेर गेली.

दोघी उरल्या.

"आई, सही करा," जेरुशा म्हणाली. "तुम्ही आहात तोवर ते कॅनफिल्ड सोडणार नाहीत."

"त्याच्या वतीने तू कोण सांगणार?"

"अर्जसुद्धा मीच केलाय ना त्यांच्या वतीने?"

सासूबाईंच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या. "त्याने नाही ऐकलं तर?"

"तर ते एकटे जातील. मी येणार नाही. आणि माझ्याशिवाय ते जाणार नाहीत, एवढं मला कळतं."

"माझ्यासाठी म्हणून थांबलेला मुलगा मला नकोय," सासूबाई म्हणाल्या. मग मान खाली घालून, पुटपुटत, "खोटं बोलले. मला तो कसाही हवाय."

जेरुशाने त्यांचे हात हातात घेतले. एक हाक मारली असती तर दोघी रडल्या असत्या, म्हणून तिने मारली नाही.

*

दोन वाजता सासूबाई माडीचा जिना स्वतःच्या पायांनी चढल्या. कर्नलने त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही.

"सकाळी नाही म्हणालात," कर्नल म्हणाला.

"सकाळी म्हणाले. आता हो म्हणते. लेखणी कुठाय?"

"मन का बदललं, बाई? समितीला हे विचारावं लागेल."

"त्यांनी काही लालूच दाखवली असेल," वकील म्हणाला.

"दाखवली," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेने शब्द दिलाय, माझा मुलगा गाव सोडून जाणार नाही म्हणून. व्हेलपली साहेब, तुम्हालाही तेच हवं ना? पळालेल्याकडून वसूल करायला तुम्ही कुठवर जाल? माझ्यापेक्षा तुमची सोय जास्त बघितलीय तिने."

व्हेलपलीने वकिलाच्या कानाशी तोंड नेलं. बऱ्याच कुजबुजीनंतर वकील म्हणाला की विरोध कायम आहे, पण आपलं आणखी काही म्हणणं नाही. सासूबाईंनी सही केली. प्रत्येक अक्षरासाठी त्या थांबत होत्या, आणि लेखणी कुरकुरत होती.

चार वाजता खालच्या सभागृहात मत झालं. एलिफलेटला बाहेर काढलं होतं. तो बायकांबरोबर रस्त्यापलीकडच्या एल्मच्या झाडाखाली उभा राहिला, निळ्या कोटात अवघडून, आपल्यालाच कुणीतरी अर्जदार समजेल या धास्तीने. टेम्परन्सने जेरुशाचा हात घट्ट धरून ठेवला होता. इतका घट्ट, की जेरुशाला अंगठी रुतत होती.

"मंजूर झाला तर तुम्ही जाणार होता म्हणे," ती हळूच म्हणाली.

"होतो."

"तुझ्या जागी मी असते तर गेले असते," टेम्परन्स म्हणाली. "मागे वळूनसुद्धा बघितलं नसतं." पण हात तिने सोडला नाही.

तेवढ्यात एलिफलेट आईपाशी गेला. तो नुसता तिच्या बाजूला उभा राहिला, टोपी डोक्यावर तशीच. थोड्या वेळाने ऊन लागतंय असं म्हणत त्याने ती काढली आणि आईच्या चेहऱ्यावर सावली पडेल अशी धरून ठेवली.

चिटणीस पायऱ्यांवर आला आणि अर्जांची यादी वाचू लागला. लाकडी पायाच्या शिपायाचा नामंजूर. शाळामास्तरचा ऑक्टोबरच्या अधिवेशनापर्यंत तहकूब. मग गिडियन प्रिंडल, वेस्ट कॅनफिल्ड. मंजूर, सहा मतांनी.

जेरुशा हसलीही नाही, रडलीही नाही. पायरीवर बसलेल्या त्या शिपायाकडे ती बघत राहिली. तो आपला कागद पुन्हा पहिल्यासारखा घड्या घालून खिशात ठेवत होता.

दुसऱ्या दिवशी वरच्या सभागृहानेही होकार दिला, आणि चिटणिसाने शिक्का मारलेली नक्कल तिच्या हातात ठेवली.

*

गुरुवारी दुपारी गाडी कॅनफिल्डच्या फाट्याला लागली. सासूबाईंना एलिफलेटच्या हवाली करून जेरुशाने त्याची घोडी मागून घेतली. ती घरी गेलीच नाही. गिडियन म्हणाला होता, बुधवारपासून रोज दुपारी काम टाकून हद्दीपाशी येईन म्हणून.

वाटेत तिने दहा वेळा बोलण्याची सुरुवात ठरवली. आधी कागद द्यायचा आणि मग सांगायचं. नाही, आधी सांगायचं. आईंचं नाव घ्यायचंच नाही, मलाच जायचं नाही असं म्हणायचं. पण त्याच्याशी खोटं बोलायची सवय तिला नव्हती. आठवड्यातून एक दिवस मिळणारा माणूस, त्यात खोटं कुठे बसवणार?

हद्द म्हणजे नुसता दगडांचा ढीग आणि त्यात रोवलेला एक खांब. गिडियन पलीकडे ओंडक्यावर बसला होता. बाह्या वर केलेल्या, हातांना कोपरापर्यंत सालीचा तपकिरी रंग. तिला बघून तो उभा राहिला, पण पुढे आला नाही. तिच्या चेहऱ्यावरून त्याला काहीच कळेना.

"नाही झाला?" त्याने विचारलं.

"झाला. मंजूर झाला. पाच वर्षं."

तो तिथेच थांबला. हात पुढे करून पुन्हा मागे घेतला, जणू कागद मळेल. "दोन्ही सभागृहांत?"

"दोन्ही. पण ऐका आधी. अहो, ऐका. पाऊल टाकायच्या आधी ऐका."

मग तिने सगळं सांगितलं. माडीवरचं नाही, खोलीतलं बोलणं, आणि आपण दिलेला शब्द. व्हरमाँट हा शब्द तिच्या तोंडून ऐकल्यावर त्याने मान खाली घातली.

"ती झोपलेली असायची," तो म्हणाला.

"नसायच्या."

"तुला सांगणार होतो मी."

"माहीत आहे. मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. आत्ताही म्हणावंसं वाटतंय. पण मी त्यांना शब्द देऊन बसलेय. तुम्हाला नाही पटलं तर हा कागद घ्या आणि तिकडूनच जा. मी तुम्हाला नावं ठेवणार नाही."

गिडियन वळला आणि उत्तरेकडे बघत राहिला. तिकडे टेकड्यांमागे टेकड्या होत्या, कोवळ्या पानांनी फिकट झालेल्या. शेवटची कुठली आणि ढग कुठला, ते कळत नव्हतं. तिने त्याला घाई केली नाही. त्याची पाठ अशी कामाच्या सदऱ्यात तिने किती दिवसांत पाहिली नव्हती.

"जेरुशा," तो तसाच पाठमोरा म्हणाला, "आई किती वर्षांची झाली गं आता?"

"एकाहत्तर."

त्याचे खांदे क्षणभर ताठ झाले. तो कसला हिशेब करतोय ते तिला कळलं. आपल्याला कळलंय हे त्यालाही कळलं, कारण तो वळला तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता.

"असं विचारायला नको होतं मी," तो म्हणाला. "आई आहे ती."

जेरुशाने घोडीचा लगाम हाताभोवती गुंडाळला, पुन्हा सोडला.

"मी फाट्यापासूनच तीच वर्षं मोजत आलेय," ती म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. मग गिडियनने दगडांच्या ढिगावरून पाय टाकला आणि अलीकडे येऊन तिच्या शेजारी उभा राहिला.